अंगी लागणं

त्या दिवशी सकाळी धाकटीने ब्रेड कोरडाच खाल्ला.

"बटर?" मी विचारलं. "नको आज," ती म्हणाली आणि पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास खाली ढकलत राहिली. तिचा ब्रेड कोरडा खाणं म्हणजे काय, हे ज्याने खाल्लाय त्यालाच कळेल. तांदळाचं पीठ, टॅपिओकाचा स्टार्च आणि इसबगोल यांचा तो ब्रेड भाजल्या दिवशी छान लागतो, दुसऱ्या दिवशी मात्र तोंडात त्याचा भुगा होतो आणि जिभेवर बारीक रेती पसरल्यासारखं वाटतं. वर काही लावलेलं नसेल तर तो घशाखाली उतरत नाही. पण मी घाईत होते. एका हाताने थोरल्याचा डबा भरत होते, दुसऱ्या हाताने तिचा, आणि दोन्ही डब्यांचे चमचे वेगळे आहेत ना याकडे लक्ष होतं. "लवकर आवर" एवढंच म्हटलं. मुलं शाळेत गेली. मग टेबल आवरताना बटरचा डबा उचलला. लाल चिकटपट्टी लावलेला, तिचा. झाकण उघडलं तर पिवळ्या गुळगुळीत बटरवर सुरीचा एक ताजा चर होता, आणि चराच्या टोकाशी तपकिरी रंगाचा एक कण. मोहरीहूनही लहान. मी तो बोटाच्या टोकावर घेऊन खिडकीपाशी गेले. ब्रेडचाच होता. आमच्या ब्रेडचा, गव्हाच्या.

म्हणजे तिने तो पाहिला होता.

आता सगळं आठवायला लागलं. तिने झाकण उघडलं होतं. क्षणभर आत पाहिलं होतं. मग समोर चहा पीत बसलेल्या आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, पाहिलं होतं आणि झाकण हळूच परत लावलं होतं. आवाजसुद्धा होऊ न देता. आई थोडे दिवस आमच्याकडे राहायला आली होती. आमच्या सगळ्यांच्या आधी उठून तिने न्याहारी केली होती, आणि तिच्या हातून डब्यांची अदलाबदल झाली होती. होते कधी कधी. माझ्या हातूनही झालेली आहे. मी सगळं बटर कचऱ्यात खरवडून टाकलं, डबा घासला, नवं पाकीट उघडून भरलं. त्या कणाचं मला तितकंसं काही वाटलं नाही. दहा वर्षांच्या मुलीने दिसलेली गोष्ट न दिसल्यासारखी केली आणि "नको आज" म्हणाली, ते मात्र त्या दिवसभर आणि पुढे कित्येक दिवस माझ्या पायात काट्यासारखं सलत राहिलं.

धाकटीला सीलिॲक हा आजार आहे. गहू-जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिच्या आतड्याला इजा होते. म्हणून आमच्या घरात कण हा मोठा शब्द आहे. कणीक या शब्दात तो दडलेला आहे, हे मला पूर्वी कधी जाणवलंच नव्हतं. ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाला बहुतेक देशांत जी मर्यादा धरतात, ती किलोमागे २० मिलिग्रॅमची. सीलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन पोटात गेलं तरी सोसतं, पण रोज ५० मिलिग्रॅम असं तीन महिने देऊन पाहिलं तेव्हा आतड्याला इजा झालेली दिसली. ब्रेडच्या एका साध्या स्लाइसमध्ये दोन-तीन हजार मिलिग्रॅम असतं. हे आकडे मला आता पाढ्यांसारखे पाठ आहेत. पण स्वयंपाकघरात कोण मिलिग्रॅम मोजतं? तिथे चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ असतं, लाकडी चमच्याच्या भेगा असतात, टोस्टरच्या तळाशी साचलेला चुरा असतो, जॅमच्या बरणीत दुसऱ्यांदा बुडालेली सुरी असते. पीठ चाळलं की त्याची धूळ हवेत तरंगत राहते आणि मग शेजारी झाकण न ठेवलेल्या पातेल्यात उतरते. जंतू असता तर उकळून मारला असता. हे प्रथिन आहे. भट्टीतल्या उष्णतेने ते मरत नाही, तळणीच्या तेलात जळून जात नाही, हाताला चोळायच्या जंतुनाशकाने निघत नाही. साबण आणि वाहतं पाणी, बस. बटाट्याच्या फोडी बिचाऱ्या निर्दोष असतात, पण त्या ज्या तेलात पडतात त्यात आधी काय तळलं होतं, हे विचारावं लागतं. विचारणाऱ्या आईकडे लोक कसे बघतात, तेही मला आता पाठ आहे.

सुरुवातीला आम्ही सगळ्या घरातून गहू हद्दपार करणार होतो. मग थोरल्याकडे बघून मन झालं नाही. म्हणून वरचा कप्पा तिचा आणि खालचा आमचा असं झालं. वरचा तिचा, कारण चुरा खालीच पडतो. लाल चिकटपट्टी तिची. तिची चाळणी, तिचा तवा, तिचा टोस्टर. सुटं गव्हाचं पीठ घरात आणायचंच नाही. या व्यवस्थेचा मला अभिमान होता. त्या सकाळपर्यंत.

मराठीत आपण किती सहज म्हणतो, "खाल्लेलं अंगी लागत नाही." धाकटी चार-पाच वर्षांची असताना येणारा-जाणारा प्रत्येक जण हे म्हणायचा. हातापायांच्या काड्या, पोट मात्र फुगलेलं. सारखं तोंड यायचं. केस निर्जीव, डोळ्यांखाली सावल्या. रक्त कमी म्हणून लोहाचं औषध सुरू केलं, बाटल्यांमागून बाटल्या संपल्या, आकडा हलेना. चिडकी तर इतकी की मोजे घालण्यावरून अर्धा तास रडायची. मी तिला लाडावून ठेवलंय, असं मला सांगण्यात आलं, आणि मीही ते मानलं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा करतो आम्ही. थोरल्याच्या खुणा शिडीसारख्या वर चढत गेल्या आहेत. तिच्या चौथ्या आणि पाचव्या वाढदिवसाच्या रेघा इतक्या जवळ आहेत की मध्ये बोटही मावत नाही.

आणि मी काय केलं? तिला भरवलं. वजन वाढावं म्हणून दुधात बिस्किटं बुडवून दिली. ब्रेडवर जाड बटर. एक घास बाबांसाठी, एक घास दादासाठी, एक आजीसाठी. ती मान फिरवायची, ओठ घट्ट मिटून घ्यायची, आणि मी गोष्टी सांगत, चंद्र दाखवत, कधी रागावत, कधी रडत ते ओठ उघडायला लावायची. तिचं शरीर नको म्हणत होतं. मीच ते ऐकलं नाही. सगळे म्हणतात, तुला कसं कळणार होतं, आणि खरंच कसं कळणार होतं. तरी त्या मिटलेल्या ओठांची आठवण आली की माझा हात कामात असेल तिथे थांबतो.

निदान सहाव्या वर्षी झालं. रक्ताच्या चाचणीत प्रतिपिंडांचा आकडा मोजपट्टीच्या पार बाहेर गेलेला. मग आतड्याचे तुकडे तपासायचे ठरले, आणि डॉक्टरांनी बजावलं की तोपर्यंत गहू बंद करू नका. बंद केला तर आतडं सावरायला लागतं, प्रतिपिंडं उतरतात आणि तपासणी फसते. कारण पटण्यासारखं होतं. पण तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली, आणि त्या बारा दिवसांत मी तिला रोज सकाळी ब्रेड दिला. आदल्या दोन वर्षांत दिला तो अजाणता. हा जाणूनबुजून. एका सकाळी ती म्हणाली, "आई, पोटात दुखतं, आज नको ना." मी म्हटलं, "थोडासा खा. अर्धा."

तिने अर्धा खाल्ला.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. निरोगी लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं, त्यावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे दाटीवाटीने उभे असतात आणि अन्नातलं सगळं तेच टिपून घेतात. धाकटीच्या चित्रात मखमलीची लव उडालेली होती. जुन्या गालिच्यावरून वर्षानुवर्षं पावलं जाऊन मधला भाग गुळगुळीत व्हावा, तसं. ग्लूटेनमधले काही तुकडे आपले पाचकरस पूर्ण तोडू शकत नाहीत, कुणाचेच नाही. बहुतेकांच्या पोटातून ते निमूट निघून जातात. काहींच्या शरीराला मात्र ते शत्रू वाटतात, आणि त्या लढाईत शरीर आपलंच अस्तर कापून काढतं. डॉक्टर सांगत होते आणि मी त्या सपाट चित्राकडे बघत होते. खाल्लेलं अंगी लागत नाही, हे आपण म्हणतो ते शब्दशः असं दिसतं. लागायला अंगच उरलेलं नव्हतं.

त्या दिवसांत मला झोप यायची नाही. रात्री वाचत बसायची. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या आजाराचं वर्णन केलं आणि लिहून ठेवलं की हा बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल. कोणत्या आहाराने, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडचं एक मूल रोज मसल्स नावाचे शिंपले खाऊन चांगलं टवटवीत झालं होतं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा खंगलं. पुढच्या हंगामात शिंपले परत आले, पण मूल काही केल्या ते खायला तयार होईना. एवढीच नोंद आहे. त्या मुलाचं पुढे काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं, आणि पुष्कळ मुलं जगली. ती केळ्यांमुळे जगली असं सगळ्यांना वाटलं. केळी खाताना ताटातून काय गेलं, याकडे लक्ष जायला आणखी पंचवीसेक वर्षं लागली.

ते लक्ष गेलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाचं. हेगमध्ये काम करत असताना १९३६च्या सुमारास एका तरुण आईने त्यांना सांगितलं होतं की ब्रेड बंद केला की माझ्या मुलाचं पुरळ झटकन कमी होतं. ती आई कोण होती, मला माहीत नाही. पण तिच्याविषयी वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला हुंदका आवरला नाही. तिने पाहिलं होतं. आणि तिचं ऐकणारा कुणीतरी समोर होता. पुढे १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, लोक ट्युलिपचे कंद खाऊन दिवस काढायला लागले, ब्रेड दिसेनासा झाला. त्या उपासमारीत सीलिॲकची मुलं मात्र सुधारत गेली, आणि गव्हाचा ब्रेड परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांचा संशय पक्का झाला. १९५०मध्ये त्यांचा प्रबंध आला. या गोष्टीत शास्त्राचा विजय आहे, कबूल. पण मला दिसते ती त्या हिवाळ्यातली एखादी आई. सगळं गाव भुकेने वाळत चाललंय, शेजारची मुलं मरतायत, आणि आपल्याच मुलाच्या गालावर लाली चढतेय. तिने ती लाली कुणाला दाखवली असेल?

निदानानंतर तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

मी गॅस बंद केला. तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

हातांचं म्हणाल तर माझ्या हातांना सगळं नव्याने शिकावं लागलं. गव्हाचं पीठ मळताना हाताला आपोआप कळतं. आधी चिकटतं, मग सुटतं, मग तळव्याखाली ते जिवंत असल्यासारखं उलट दाब देतं. अंगठा रुतवला तर खळगा हळूहळू भरून येतो. हे सगळं ग्लूटेनचं काम. तांदळाच्या, मक्याच्या, ज्वारीच्या पिठाला ही ओढ नसते. पहिला ब्रेड मी जुन्या सवयीने मळला आणि भट्टीतून वीट बाहेर आली. दुसरा वरून फुगला, आतून ओला चिकट राहिला. तिसऱ्याची छाती मधोमध फाटली. कितव्या तरी ब्रेडला मला उमगलं की हे मळायचं पीठच नव्हे. हे पातळसर, ओतता येईल न येईल असं, चमच्याने सारखं करायचं. इसबगोल आधी पाण्यात भिजवून त्याची थरथरणारी लापशी होऊ द्यायची, तीच गव्हाच्या ओढीची थोडीफार जागा घेते. वाटीने मोजायचं नाही, ग्रॅममध्ये तोलायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे भट्टीतून काढल्यावर कापायचं नाही. गरम असताना सुरी घातली तर आतला गर तारेसारखा सुरीला चिकटून येतो. पूर्ण गार होईपर्यंत दोन-तीन तास नुसतं बसायचं. घरभर खरपूस वास, गार होत जाणाऱ्या कवचाचा बारीक तडतड आवाज, आणि टेबलाला कोपरं टेकून वाट बघणारी मुलगी.

एकदा तिने विचारलं, "ते दिसतं कसं?" ते म्हणजे ग्लूटेन. मी वाटीभर पीठ मुद्दाम आणलं. इटलीतल्या बोलोन्याच्या बेकारी नावाच्या शास्त्रज्ञाने केलेला प्रयोग आहे, १७४५ साली छापून आलेला. पिठाचा गोळा पाण्याखाली धुवत राहायचं. पाणी दुधासारखं पांढरं होऊन जातं, स्टार्च वाहून जातो, आणि शेवटी मुठीत उरतो राखाडी, रबरासारखा, ओढला की लांबणारा एक गोळा. ती दारात उभी राहून बघत होती. जवळ ये म्हटलं तर आली, एक बोट लावलं. "किती मऊ आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एवढे दिवस ज्याच्यामुळे सोसलं ते असं निरुपद्रवी, ओलं, केविलवाणं असेल, असं तिला वाटलं नसावं. मग तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. मला मात्र त्या गोळ्याकडे बघून, खरं सांगते, हातांची जुनी ओढ जाणवली. बोटांना तो ओळखीचा होता. फेकून देताना वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचं वाईट वाटलं.

आईविषयी सांगायला हवं.

निदान झाल्यावर आम्हा जवळच्या सगळ्यांच्या चाचण्या झाल्या. हा आजार साधारण १००त एकाला असतो, पण ज्याला आहे त्याच्या आईवडील-भावंडांत तो दहात एकाला निघू शकतो. आमच्यापैकी कुणाला निघाला नाही. पण तो ज्या जनुकांवर बेततो, ती कुठून तरी आलेली असतात. आईने मला फोनवर विचारलं, "माझ्याकडून आलं का गं?" मी तिला समजावलं की तशी जनुकं जगातल्या जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या माणसात असतात, त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो, आणि यात कुणाकडून असं काही नसतं. ती गप्प बसली. मग म्हणाली, "आमचा धाकटा असाच गेला." मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा कळलं की आईला आणखी एक भाऊ होता. दोन वर्षांचाही झाला नव्हता. अंगावरचं दूध सुटून वरचं अन्न सुरू झालं आणि तो वाळत गेला. पोट तेवढं मोठं, गुडघे मोठे. आई तेव्हा सात वर्षांची होती, आणि त्याला मांडीवर घेऊन भरवायचं काम तिच्याकडे होतं. "खाल्लेलं अंगीच लागत नव्हतं," आई म्हणाली. तेच शब्द. त्याला हाच आजार होता, असं म्हणता येणार नाही. त्या काळी लहान मुलं शंभर कारणांनी जायची. मी तिला तेही सांगितलं. पण सात वर्षांच्या मुलीच्या हातातला तो चमचा इतक्या वर्षांनी तिच्या हातातून काढून घेणं मला जमलं नाही.

हे सगळं बोलणं आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा एकदा झालं, आई राहायला आली त्याच आठवड्यात. मुलं झोपलीत असं आम्हाला वाटत होतं.

बटरच्या त्या प्रसंगानंतर तिसऱ्या रात्री मी धाकटीच्या शेजारी आडवी झाले आणि अंधारात विचारलं, "तू तो कण पाहिला होतास ना?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजीला सांगू नकोस." का, विचारलं. "तिला तो बाळ आठवेल."

मी तिचा हात हातात धरून पडून राहिले. दंडावर आता मांस आहे. नखं गुलाबी आहेत. बाहेर कुत्रं भुंकत होतं. थोड्या वेळाने ती स्वतःहून सांगायला लागली, अंधारात मुलं सांगतात तसं, एकामागून एक. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती म्हणते की मला केक आवडत नाही. आवडत नाही म्हटलं की लगेच सोडतात, चालत नाही म्हटलं की सगळे विचारत बसतात आणि मैत्रिणीच्या आईचा चेहरा पडतो. वर्गात कुणी बिस्किट पुढे केलं तर ती म्हणते, आत्ताच खाल्लं. एकदा सहलीत तिच्या डब्यात कुणीतरी प्रेमाने आपला घास ठेवला, तर तिने अख्खा डबा तसाच परत आणला होता आणि मला सांगितलं होतं की भूक नव्हती. त्या दिवशी मी तिला अन्न वाया घालवल्याबद्दल बोलले होते. मला आठवत होतं. तिलाही आठवत होतं, पण ती ते म्हणाली नाही.

चार वर्षं मी समजत होते की राखण मी करतेय. लेबलं मी वाचते, जवाचं माल्ट कशाकशात लपतं ते मला ठाऊक, सोया सॉसमध्ये गहू असतो, ओट्स गव्हाच्या शेजारी दळलेले असतात, हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून बघते. आणि इकडे ही पोर आमची राखण करत होती. आमचे चेहरे पडू नयेत, आम्हाला लाज वाटू नये, आजीला जुनं दुःख आठवू नये. हे कौतुकाचं आहे का? लोकांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, किती समजूतदार मुलगी. मला तो शब्द नको झालाय. ओठ घट्ट मिटून मान फिरवणारी ती चार वर्षांची मुलगी मला हवी होती. तिला नको म्हणता येत होतं. मोठी झाल्यावर ती नको म्हणायचं विसरली नाही, फक्त ते हळू आवाजात, दुसऱ्याला न दुखवता म्हणायला शिकली, आणि ते तिला शिकवणारी बहुधा मीच. "थोडासा खा. अर्धा."

आईला सांगायचं की नाही, यात माझे चार दिवस गेले. धाकटीने नको म्हटलं होतं, आणि तिचं नको मोडायचं नाही असं मी नुकतंच मनाशी ठरवलं होतं. दुसरीकडे, न सांगणं म्हणजे हेच मौन पुढे चालवणं. शेवटी मी धाकटीलाच विचारलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "तू सांग. पण मी नसताना." मी सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. काही बोलली नाही. मला वाटलं ती रडेल, नाहीतर उद्याच निघते म्हणेल. दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा आतून दोघींचा आवाज आला. आई म्हणत होती, "तो लहान होता गं. त्याला बोलताच येत नव्हतं. तुला येतं ना? मग ओरड माझ्यावर. मोठ्याने ओरड." धाकटी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

त्या रविवारी मी ब्रेड भाजला. तीन तास कसेबसे काढले. सगळे टेबलाभोवती होतो, थोरला आपला ब्रेड घेऊन पलीकडच्या टोकाला, नवरा चहा ओतत होता. आईने कापायला म्हणून हात पुढे केला आणि समोर पडलेली सुरी उचलली.

"आजी! थांब! ती दादाची सुरी आहे!"

एवढ्या मोठ्याने की नवऱ्याच्या हातातला चहा बशीत सांडला. आईचा हात ब्रेडच्या वर, वीतभर अंतरावर थांबला. मग तिने सुरी बेसिनमध्ये ठेवली, ती खणकन वाजली. नळ सोडून तिने साबणाने हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि ओले हात नातीसमोर धरले. "आता?"

"आता चालेल," धाकटी म्हणाली आणि लाल पट्टीची सुरी तिच्या हातात दिली. आईने पहिली चकती कापली. कवच कुरकुरलं, आतला गर जाळीदार, कोरडा, नीट सुटा निघाला. धाकटीने तिच्यावर बटर लावलं, इतकं जाड की ब्रेड दिसेना, आणि वरच्या ओठाला पिवळी मिशी लागलेली असताना, पहिला घास तोंडात असतानाच म्हणाली, "अजून एक काप."